लागोपाठ दोन बायका

आमच्या हेझेल फोर्क गावच्या रेडिओ स्टेशनचा इतिहास सांगायला बसलं की आमची पुरुषमंडळी टॉवरपासून सुरुवात करतात. क्लेटन हॅडिक्सनं एकावन्न साली ओढ्याकाठच्या दलदलीत, गाईंच्या कुरणात दोनशे फुटांचा टॉवर कसा उभा केला, ओल्या जमिनीत लहरी कशा लांब धावतात, पहिल्या दिवशी कुंपणाच्या तारेतूनसुद्धा बँजो कसा ऐकू आला. सांगोत बापडे. टॉवर लोखंडाचा असतो, तो बोलत नाही. बोलायला माणूस लागतं, आणि आमच्या रेडिओवरचं ते माणूस म्हणजे डेल्फा स्टिडम.

आता गंमत अशी, की डेल्फा तिथं बोलायला आलीच नव्हती. अठ्ठावन्न साली ती टाइप करायला लागली. हॅडिक्ससाहेबांचं फर्निचरचं दुकान होतं, रेडिओ वरच्या मजल्यावर. फर्निचर खपावं म्हणून त्यांनी रेडिओ काढला आणि पुढं रेडिओ चालावा म्हणून फर्निचर खपवत बसले. परवाना उगवतीपासून मावळतीपर्यंतचा. सूर्य वर आला की गावरान कंट्री गाणी सुरू, डोंगराआड गेला की एक भजन लावून कुलूप. डेल्फा खिडकीजवळ बसून जाहिराती टाइप करायची, आणि सकाळचा निवेदक बक टर्ली त्या वाचायचा.

बक बाहेरगावचा. आवाज तुपासारखा, पण आमच्या खोऱ्यातली नावं त्याच्या तोंडात बसत नसत. सव्वाआठला मयताच्या बातम्या असायच्या, म्हणजे कोण गेलं, दफन कुठं, जेवणाची भांडी कुणाच्या घरी पोचवायची. सगळं खोरं हातातलं काम टाकून ते ऐकायचं. एकदा बकनं एका म्हातारीचं नाव असं काही उच्चारलं की तिच्या सख्ख्या बहिणीला कळेना कोण गेलं. डेल्फा टाइपरायटरवरून उठली, आत गेली आणि त्याच्या हातातला कागद ओढून घेतला.

"मेलेल्याचं नाव चुकवणं म्हणजे त्याला दुसऱ्यांदा मारणं," ती म्हणाली. "आण इकडं."

हे सगळं रेडिओवरून गेलं, कारण माइक चालूच होता. खोऱ्यात दोन दिवस दुसरा विषय नव्हता. तेव्हापासून मयताच्या बातम्या डेल्फाच्या. मग अदलाबदलीचा कार्यक्रमही तिच्याकडं आला. कुणाची शिकारी कुत्री हरवलीय, कुणाला दुभत्या गाईच्या बदल्यात ट्रकचं इंजिन हवंय, असलं सगळं. कोणता ओढा कुठं वळतो आणि कुणाची मावशी कुणाला दिलीय, हे तिला तोंडपाठ.

सहासष्ट साली अर्धं खोरं ओहायोच्या कारखान्यांकडं गेलं, त्यात बकही गेला. हॅडिक्ससाहेबांनी नाइलाजानं सकाळचा कार्यक्रम डेल्फाला दिला. "सध्यापुरता," ते म्हणाले. दुपारचे निवेदक जिन्यात कुजबुजले, "कानामागून आली आणि तिखट झाली."

डेल्फाचे कान भलते तिखट. "झाले म्हणून बरं," ती वरूनच म्हणाली. "नाहीतर अळणीच खात बसला असता."

आता भिंतीवरच्या एका कागदाचं सांगतो. तबकड्या फिरायच्या त्या टेबलाच्या वर, भिंतीला, एक कागद चिकटवलेला होता. त्यावर लिहिलं होतं: "दोन बायकांच्या तबकड्या लागोपाठ लावू नयेत. सी. हॅडिक्स." हा नियम काही आमच्याच गावचा नव्हे. तेव्हा कुठल्याही कंट्री स्टेशनात जा, कागद नसेल पण नियम असायचाच. तीन पुरुष गायले की एक बाई, मग पुन्हा पुरुष. बायकांना म्हणे बायकांचा आवाज लागोपाठ ऐकवत नाही. हॅडिक्ससाहेबांकडं तर घरचा पुरावा होता.

"माझ्या डोळ्यांनी पाहिलंय, मिस डेल्फा," ते सांगायचे (आमच्याकडं लग्न झालेल्या बाईलाही मानानं मिसच म्हणतात). "मी स्वयंपाकघरात पाऊल टाकतोय, रेडिओवर बाई गातेय, ती संपतेय, आणि आमच्या जेनेवानं कट्कन बटण फिरवलं. दुसरी बाई लागेल या भीतीनंच! आता माझी बायको बाई नाही का?"

डेल्फा सहा महिने तो नियम पाळत होती. मग मार्चमधल्या एका मंगळवारी तिनं एक तबकडी लावली. गाणारी बाई शिवणयंत्र पाठीला बांधून नवऱ्याचं घर सोडते, असं गाणं. ते संपलं, आणि डेल्फाचा हात पुढच्या तबकडीकडं गेला, तीही बाईचीच. हात चुकला म्हणायची सोय होती, पण हात चुकला नव्हता. पहिलीनं सुरू केलेलं बोलणं दुसरीनं पुढं न्यावं, असं तिला मनापासून वाटलं. दुसरी संपल्यावर तिनं तिसरीही लावली.

आणि नेमके त्याच सकाळी खाली दुकानात लेस्टर पूल येऊन बसले होते. हे पीठगिरणीचे माणूस. "ठिपकेवाली कोंबडी छाप पीठ" हेच सकाळच्या कार्यक्रमाचे प्रायोजक. त्यांच्या जाहिरातीवर सकाळ चालायची. पूलसाहेब वर्षाचा करार नव्यानं करायला आले होते. वर तीन बायका लागोपाठ गायल्या, आणि त्यांनी पेनाला टोपण लावलं.

"हॅडिक्स, माझं पीठ बायका विकत घेतात," ते म्हणाले. "त्यांना पळवून लावायला मी पैसे देत नाही."

हॅडिक्ससाहेब धापा टाकत वर आले, मागं पूल. "सोमवारपासून परत टाइपरायटर!" ते ओरडले. "मी कागद कशाला लावलाय तिथं, भिंत झाकायला?"

अडतिसाव्या वर्षी डेल्फाला ती निवेदकाची खुर्ची मिळाली होती. नवरा लाकूडगिरणीत, तो करवतीच्या आवाजात अर्धा बहिरा झालेला. घरात तिचं कुणी ऐकत होतं असं नाही, आणि सकाळी मात्र सगळं खोरं ऐकायचं. ती खुर्ची तिला हवी होती. जिवापाड हवी होती. पण तिनं आवाज चढवला नाही, की गयावया केली नाही.

"बायकांना चालत नाही, हे तुम्ही दोघं पुरुष ठरवणार," ती म्हणाली. "त्यांनाच विचारू की. कोंबडं झाकलं म्हणून तांबडं फुटायचं थोडंच राहतंय?"

"विचारणार कसं? घरोघर हिंडणार?"

"पूलसाहेब, तुमचं पीठ अजून कापडी पिशवीत येतं ना?"

येत होतं. बाकीच्या गिरण्या कागदावर गेल्या, तरी यांची पंचवीस पौंडांची पिशवी चांगल्या सुताची होती, वर ठिपकेवाली कोंबडी छापलेली. आमच्याकडं ती पिशवी कुणी टाकत नसे. भांडी पुसायची फडकी, उशांचे अभ्रे, पोरींचे परकर, सगळं त्याचंच.

बुधवारी सकाळी, बिस्किटं, म्हणजे आमच्याकडचे मऊ पाव, ओव्हनमधून निघायच्या आणि गोड ज्वारीच्या धाटांची काकवी टेबलावर यायच्या वेळेला, डेल्फानं माइकवर सांगितलं: "काल मी तीन बायका लागोपाठ लावल्या. ज्यांना ते चाललं, त्यांनी उद्या दहाच्या आत आपल्या फाटकापुढच्या पोस्टाच्या पेटीवर ठिपक्या कोंबडीची पिशवी टांगा. ज्यांना नाही चाललं, त्यांनी काही करू नका. आता सव्वाआठ झालेत. मयताच्या बातम्या." बस, एवढंच. आपली खुर्ची जाणार हे तिनं चकार शब्दानं सांगितलं नाही. दयेच्या पिशव्या तिला नको होत्या.

गुरुवारी दहाला हॅडिक्ससाहेबांनी गाडी काढली. शेजारी पूल, मागं डेल्फा. रस्ताही त्यांनीच निवडला, वरच्या खोऱ्याचा, अकरा मैलांचा. "शेवटी माझं घर आहे," ते म्हणाले. "जेनेवाच्या हातची कॉफी पिऊ, आणि पूल, तुम्ही तिलाच विचारा. हातच्या कांकणाला आरसा कशाला?"

पहिली पेटी रिकामी. दुसरी रिकामी. तिसरी, चौथी, पाचवी, सगळ्या बोडक्या. हॅडिक्ससाहेब दर पेटीला घसा खाकरायचे, जणू तीच मोजणी. ही गावाजवळची घरं, दुकानातला तयार पाव खाणारी, हे डेल्फाला ठाऊक होतं; तरी ती दर पेटीला खिडकीतून मान बाहेर काढून बघत होती. ती मनात म्हणाली, डेल्फे, सहा महिने तरी सकाळ तुझी होती. तेही कुणाला मिळतंय.

मग ओढ्यावरचा लाकडी पूल आला, आणि पलीकडच्या पहिल्या पेटीवर कोंबडी होती.

वळणावर दुसरी. पुढं तीन पेट्या एका फळीवर ठोकलेल्या, तिन्हींवर कोंबड्या. कुणी पिशवी खिळ्याला अडकवलेली, कुणी चिमट्यांनी लावलेली, कुणाकडं अख्खी पिशवी उरली नव्हती तर पोरीच्या परकराचा कोंबडीवाला घेर तेवढा टांगलेला. लाकूडगिरणीच्या वळणाला तर एका कुंपणावर वाळत घालावीत तशी सात फडकी. पूलसाहेबांनी आधी मोजायला घेतलं, मग काच खाली करून नुसतं बघत राहिले.

"एवढं पीठ आम्ही या खोऱ्यात विकतो?" त्यांनी विचारलं.

"तुम्ही विकता," डेल्फा मागून म्हणाली. "त्या बायका बिस्किटं करताना ऐकतात काय, ते मी सांगत होते."

आठव्या मैलाला एस्टिल गॅबर्ड रस्त्याच्या कडेला उभा होता. म्हातारा, खाणीत पाठ मोडून घेतलेला. त्याच्या पेटीवर जुनी, धुऊन विटलेली पिशवी होती. कोंबडीचे ठिपके जेमतेम दिसत होते. त्यानं हात दाखवून गाडी थांबवली आणि मागच्या खिडकीशी वाकला.

"मिस डेल्फा, माझ्याच्यानं काय बिस्किटं होत नाहीत, हे तुम्हाला ठाऊक आहे. ही माझ्या बायकोची पिशवी. तुम्ही दोन वर्षांमागं तिचं नाव वाचलंत. नीट वाचलंत. ती असती तर तिनं टांगली असती, म्हणून मी टांगली."

डेल्फानं खिडकीतून हात बाहेर काढून त्याच्या हातावर ठेवला, आणि गाडी पुढं निघाली.

हॅडिक्ससाहेब मात्र खरे चिवट. "हे भावनेचं झालं," ते म्हणाले. "लोक तुला ओळखतात म्हणून टांगतात. जिला कसली भीडभाड नाही अशा बाईला विचारा. थांबा, आलंच घर."

घर आलं. पांढरं फाटक, त्यापुढं हॅडिक्स अशी अक्षरं कोरलेली पितळी पेटी. तिच्यावर ठिपक्या कोंबडीची पिशवी होती. एक नव्हे. एकीखाली एक, इस्त्री केलेल्या, लागोपाठ दोन.

गाडी फाटकात तशीच थांबली. पूलसाहेबांनी हळूच टोपी काढून मांडीवर ठेवली, चर्चमध्ये ठेवतात तशी. हॅडिक्ससाहेब खाली उतरून पेटीपाशी गेले.

जेनेवा ओसरीवर उभी होती, हात पिठाचे. "या," ती म्हणाली. "कॉफी तयार आहे."

"जेनेवा, हे काय?"

"दिसत नाही का? डेल्फानं सांगितलं एक टांगा. मला एक पुरेना."

"पण तूच तर... त्या दिवशी, माझ्यासमोर! बाईचं गाणं संपताच तू बटण फिरवलंस की नाही?"

जेनेवानं अॅप्रनला हात पुसले. तिला आठवायला वेळ लागला, आणि आठवल्यावर ती इतकी हसली की तिला खांबाला टेकावं लागलं.

"अरे क्लेटन! बाई गात होती तेव्हा बंद केला का मी? गाणं पुरतं संपू दिलं. गाणं संपलं की तुझी फर्निचरची जाहिरात लागायची, तबकडीवर भरून ठेवलेली, तुझ्याच आवाजातली, आणि तू स्वतःही दारातून आत येत होतास. लागोपाठ दोन क्लेटन कुठल्या बाईला झेपतील रे?"

पूलसाहेबांनी करार तिथंच, ओसरीवर, कॉफीचा कप बाजूला सारून पुरा केला, आणि त्यात एक ओळ स्वतःच्या हातानं वाढवली: सकाळचा कार्यक्रम डेल्फा स्टिडम यांचाच. पुढं अठ्ठावीस वर्षं तो तिचाच राहिला. टॉवर एकदा वादळात पडला, स्टेशन दोनदा विकलं गेलं, तबकड्या जाऊन फिती आल्या. ती खुर्ची मात्र कुणी मागितली नाही.

त्या कराराच्या दुसऱ्या दिवशी हॅडिक्ससाहेब उजाडताच वर आले आणि भिंतीवरच्या कागदाला हात घातला.

"राहू द्या," डेल्फा म्हणाली. "उगाच भिंत बोडकी दिसेल. तुमची ती जाहिरात तेवढी इकडं द्या."

त्यांनी जाहिरातीचा मजकूर तिच्या हातात दिला. त्या सकाळपासून फर्निचरची जाहिरातही डेल्फाच वाचू लागली, आणि हॅडिक्ससाहेबांच्या स्वयंपाकघरातला रेडिओ पुन्हा कधी मध्येच बंद झाला नाही.