लिफ्टसमोरच्या खुर्च्या

मी इंग्लंडला निघाले त्या दुपारी लालबागच्या आपल्या चाळीतला अख्खा मजला गॅलरीत उभा होता. तुम्ही चाळकरी सगळे होतात. शेजारच्या शिंदेकाकूंनी हातावर दही ठेवत विचारलं, "म्हणजे तू आता मनातलं ओळखणार?"

"नाही हो काकू. माणसं कुठे कशी वागतात, आणि काय बदललं की त्यांना जरा सोपं जाईल, ते शिकणार."

काकूंना हे फारच मिळमिळीत वाटलं असावं. बाबा बॅग उचलताना एवढंच म्हणाले, "नाय जमला तर माघारी ये. लाज कसली त्यात?"

आणि खरंच जमेना. उपयोजित मानसशास्त्राची पुस्तकं कळत होती, हॉस्टेल कळत नव्हतं. आपल्याकडे दिवसा दार बंद दिसलं की शेजारी कडी वाजवतात, कोणी आजारी तर नाही ना म्हणून. मी सवयीने दाराला चप्पल अडकवून, दार उघडं टाकून वाचत बसले. थोड्या वेळाने समोरच्या खोलीतली लिन, व्हिएतनामची, वॉर्डनलाच घेऊन आली. ही मुलगी बरी आहे ना? तिथे उघडं दार ही काळजीची गोष्ट. वॉर्डनने आगीचे नियम सांगून चप्पल काढायला लावली. मी दार लावून घेतलं, पोटभर रडले आणि ठरवलं, दिवाळीपर्यंत बघायचं, नाहीतर सरळ घर गाठायचं.

त्याच सुमारास प्रॅक्टिकल मिळालं: सगळ्यांच्या वापरातल्या जागेत छोटा बदल करा आणि काय होतं ते बघा. आमच्या किचनमधलं टेबल भिंतीला चिकटलेलं, त्यामुळे जो तो ताट घेऊन खोलीत पळायचा. मी परवानगी काढून ते खिडकीशी ओढलं, भोवती खुर्च्या मांडल्या, मध्ये आईचा चिवडा ठेवला. सुरुवातीला चिवडा मीच संपवत होते. मग एकदा लिन बसली, तिच्या मागून बाकीचे. दिवाळीत खुर्च्या कमी पडल्या आणि परत जायचं माझ्या लक्षातही राहिलं नाही.

आता इंग्लंडमध्येच असल्याच कामाची नोकरी करते. वृद्धाश्रमांतल्या खुर्च्या कशा मांडल्या की म्हातारी माणसं एकमेकांशी बोलतील, ते सांगते. यंदा चाळीच्या जागी टॉवर झाला, तुम्ही वर राहायला गेलात आणि बाबांचा फोन आला. "आठवडो झालो, शिंद्यांचा तोंड बघूक नाय. सगळ्यांची दारा बंद."

मी म्हटलं, संध्याकाळी लिफ्टसमोर दोन खुर्च्या टाका.

"इतक्या लांब शिकाक गेलंस, आणि सांगतंस काय, तर खुर्ची भायर टाक."

पण टाकल्या. काल व्हिडिओ कॉल केला तर आईने फोन दारातून बाहेर वळवला. दार उघडं राहावं म्हणून त्याला वरवंटा लावलेला, बाबा गप्पांत रंगलेले आणि शिंदेकाकू माझ्या अभ्यासाच्या निळ्या खुर्चीत ऐसपैस बसलेल्या. घर म्हणजे काय, असं कोणी विचारलं तर मला आता तेवढंच दिसतं.

"काकू, ती खुर्ची माझी आहे," मी म्हटलं.

"तुझीच आहे," काकू जागच्या हलल्या नाहीत. "तू आलीस की उठते."