मी न पाहिलेली खूण

महाराष्ट्र राज्य होऊन दोन-तीन वर्षंच झाली होती. मी लग्न होऊन नुकतीच चिखलीला आले होते. सासरे वकील. त्यांची एक जुनी काळी मोटार होती आणि ती ते कोणालाच चालवू देत नसत, माझ्या नवऱ्यालाही नाही.

गाडी काढण्याआधी ते ऑईल बघत. बॉनेट उघडून इंजिनातली लांब पट्टी ओढायची, फडक्यानं पुसायची, पुन्हा आत घालून काढायची. पट्टीवरच्या दोन खुणांच्या मध्ये ऑईल असलं म्हणजे झालं. मग थेंबभर बोटांवर चोळायचे. कचकच लागली तर ऑईल बदलायची वेळ आली. बोटांना कळायचं तेवढं कळत होतं, पण मोतीबिंदूमुळे खुणा दिसेनाशा झाल्या होत्या. हे त्यांनी फक्त मला सांगितलं. सासूबाईंना कळलं असतं तर गाडी त्याच दिवशी बंद झाली असती. म्हणून पट्टी घेऊन ते स्वयंपाकघराच्या मागच्या दाराशी येत आणि मी पाहून सांगत असे.

आठवडाभर उभी असलेली गाडी घेऊन एका सकाळी ते साखरखेर्ड्याला एका साक्षगंधाला, साखरपुड्याला, निघाले. माझी भाकर तव्यावर होती.

"पाह्य बरं सूनबाई, खुणेपर्यंत हाये काय?"

मी मान न वळवताच म्हटलं, "हाये, मामाजी."

साखरखेर्ड्याच्या अलीकडे इंजिन खडखडलं आणि जाम झालं. बैल जुंपून गाडी जवळच्या गावापर्यंत ओढावी लागली. मेकॅनिकनं सांगितलं, उभ्या गाडीतून ऑईल गळून गेलं होतं. सासरे एसटीनं परतले आणि सगळ्यांसमोर म्हणाले, "सूनबाईनं तं पाहून सांगितलं होतं. पट्टी मीच नीट पुसली नसन, जुनंच ऑईल लागून राह्यलं असन."

डोळ्यांचंही त्यांनी तेव्हाच कबूल केलं. मी पाण्याचा तांब्या घेऊन तिथंच उभी होते. तो त्यांच्यापुढे ठेवून आत गेले.

गाडी दुरुस्त करून त्यांनी विकून टाकली. मी नवऱ्याला खरं सांगितलं, तर तो म्हणाला, आता कशाला, आईच्या जिवाचा घोर तरी गेला. मला तेच ऐकायचं होतं.

पुढे सासऱ्यांचं डोळ्याचं ऑपरेशन झालं. जाड भिंगांच्या चष्म्यातून ते स्वतः पेपर वाचू लागले. त्यांना तसं वाचताना बघून मला राहवेना. एका दुपारी जवळ बसून सांगितलं की त्या दिवशी मी पट्टीकडे पाहिलंच नव्हतं.

त्यांनी पेपर खाली ठेवला.

"तवाच सांगतलं असतं तं गाडी विकली नसती मी," ते म्हणाले. "मले वाटलं, आता माह्या हाताचाच भरवसा नाही राह्यला."

ते रागावले नाहीत, आणि जाऊ दे असंही म्हणाले नाहीत. संध्याकाळी जेवायला बसले तेव्हा नेहमीसारखं त्यांनी माझ्याकडे वरण मागितलं. मी वाढलं.