गुलाबी पास

इतकी वर्षे झाली, तरी मोहालीच्या नाक्यावरची ती दहा मिनिटे मी विसरलेलो नाही.

करोनाच्या टाळेबंदीत ती जास्तच आठवू लागली. आमच्या सोसायटीतली तरुण मुले घरूनच ऑफिसचे काम करायची आणि मधल्या वेळात मोबाइलवर शेअर घ्यायची. "काका, खर्चच नाही, पैसे पडून आहेत, लावून टाकले," एकजण मला म्हणाला. हेच वाक्य मी पूर्वी एका तक्रारीत लिहून घेतले होते.

पंजाबातल्या दहशतवादाचा तो काळ. केंद्रीय दलातून मी चंदीगडला प्रतिनियुक्तीवर उपनिरीक्षक म्हणून गेलो होतो. शहरात संचारबंदी लागली की दिवसेंदिवस उठत नसे. सेक्टर १७ मधली दुकाने बंद, बँका बंद, पगार घरात पडून. ब्रेड, दूध, औषधे पुरवणाऱ्यांना ठाण्यातून पास मिळत. ते देण्याचे काम माझ्याकडे होते. माझ्या घरात आजोबा-वडील अंगठा उठवणारे. मी पहिला पदवीधर. त्यामुळे सहीचे मला फार अप्रूप. प्रत्येक पासावर मी पूर्ण नावाची, वळणदार सही करायचो.

एके दिवशी ठाण्यात फोन आला. सरकारी क्वार्टर्समधल्या एका रहिवाशाने सांगितले, "आमच्या लाइनीतल्या हेड क्लार्कने चौदा घरांचे पैसे बुडवले. एका कंपनीत तीन वर्षांत दुप्पट होतील म्हणून घेतले. माझा भाऊ दिल्लीत कंपनीच्या पत्त्यावर जाऊन आला. तिथे कपडे रंगवायचं दुकान आहे."

हेड क्लार्कना आम्ही संध्याकाळी पाच वाजता अटक केली. ते जळगावकडचे, निवृत्तीला तीन महिने राहिलेले. पावतीपुस्तक त्यांच्याच कपाटात सापडले. पावत्यांवर सही कंपनीच्या एजंटची होती, पण तो एजंट कुठे राहतो हे त्यांना सांगता येईना.

आमचे ठाणेदार वयाने मोठे सरदारजी होते. हेड क्लार्कच्या आडनावावरून ते मराठी हे त्यांनी ओळखले आणि त्यांना कोठडीत नेल्यावर शिपायांसमोर मला म्हणाले, "ओ मराठे, तेरा ताया लगता है क्या ये?"

म्हणजे, हा तुझा चुलता लागतो का? शिपाई हसले. ते हसणे मला लागले. मी ठरवले, या माणसाशी मराठीत एक शब्दही बोलायचा नाही. चौकशी हिंदीत केली, आवाज चढवून केली.

"पैसा किसको दिया?"

"एजंट को दिया, साब."

"कैसा दिखता है?"

"अच्छा दिखता है, साब."

"मजाक करता है?"

दुसऱ्या दिवशी दंडाधिकाऱ्यांकडून आम्ही रिमांड घेतली. पण मला एक नियम ठाऊक होता: सरकारी नोकर अठ्ठेचाळीस तास कोठडीत राहिला की निलंबित समजला जातो. निवृत्तीच्या तोंडावर निलंबन म्हणजे पेन्शन अडकलीच. तिसऱ्या दिवशी संध्याकाळी पाचला ती मुदत संपत होती.

त्या दिवशी दुपारी तीनच्या सुमारास मी कोठडीपाशी गेलो. त्यांच्या घरून आलेला डबा तसाच पडला होता. माझ्या तोंडून सहज निघून गेले, "काका, जेवला नाहीत?"

त्यांनी वर पाहिले. "साहेब, तुम्ही मराठी?" आणि मग बांध फुटल्यासारखे बोलू लागले. "पोरगा फार गोड बोलायचा हो. सगळे घरात अडकलेले, त्याची वाट बघायचे. मंगळवारी सकाळी तुमची गाडी भोंग्यावर ओरडून गेली, पांढरे पास रद्द म्हणून. तासाभरात हा हजर! मी म्हटलं, अरे, धरतील तुला. तर हसला, आणि खिशातून गुलाबी पास काढून दाखवला."

मी ताडकन मागे वळलो. बनावट पांढरे पास निघाल्यामुळे गुलाबी पास आम्ही त्याच मंगळवारी सकाळी सुरू केले होते. त्या पहिल्या तासात ते फक्त आमच्याच ठाण्यातून, माझ्याच टेबलावरून गेले होते!

रजिस्टर उघडले. त्या तासातल्या नोंदी जेमतेम वीस. पावतीवरची सही शेजारी ठेवून एकेक ओळ पाहत गेलो. अकराव्या ओळीत पास घेणाऱ्याची तीच लांब शेपटीची सही सापडली. काम: डबलरोटी पुरवठा. राहणार खरड, मोहालीच्या पलीकडचे गाव. व्हॅनचा नंबर. आणि पास देणाऱ्याच्या रकान्यात माझे पूर्ण नाव.

ठाणेदारांनी पाहिले, घड्याळाकडे पाहिले आणि छडी उचलली. "चंडीगढ़ का पास मोहाली में रद्दी है. वहाँ कर्फ्यू में ढील चार बजे मिलेगी. तब तक नाके पर इधर ही बैठा होगा. चल!"

जीप रिकाम्या रस्त्यांवरून अशी सुटली की मागच्या शिपायाने दोन्ही हातांनी दांडी धरली. नाक्यावर पोचलो तेव्हा चारला दहा कमी होते. गाड्यांची रांग लागलेली. आडकाठी उठली असती तर सगळ्या एकदम पंजाब हद्दीत गेल्या असत्या. मी नंबर वाचत धावलो. सातवी गाडी तीच, करड्या रंगाची व्हॅन.

"सर, जल्दी कीजिए, ब्रेड खराब हो जाएगी," चालक अदबीने म्हणाला.

मी ट्रे ओढला. ब्रेड कधीची वाळून खडखडीत झाली होती. तिसऱ्या ट्रेखाली दुसरे पावतीपुस्तक आणि नोटांच्या पिशव्या.

हातकड्या घालताना तो गुलाबी पासाकडे पाहत मला म्हणाला, "सर, साइन तो आपके ही हैं."

पुरावा अपुरा असेल तर जातमुचलक्यावर सोडण्याचा अधिकार ठाणेदाराला असतो. पाचला वीस कमी असताना त्यांनी हेड क्लार्कच्या कागदांवर सही केली आणि मला हळूच म्हणाले, "डायरी में पास वाली बात मत लिख. कौन देखता है?"

मी ती लिहिली. खातरजमा न करता पास दिल्याबद्दल मला लेखी ताकीद मिळाली, आणि ती योग्यच होती. लोकांचे बहुतेक पैसे परत गेले. हेड क्लार्क ठरल्या तारखेला पूर्ण पेन्शनसह निवृत्त झाले.

त्या संध्याकाळी ते ठाण्यातून निघाले, तेव्हा मी त्यांना म्हणालो होतो, "काका, चुकलं माझं."

"पहिल्याच दिवशी मराठीत विचारलं असतंत, तर तेव्हाच आठवलं असतं," ते म्हणाले. "घाबरलो की हिंदीत मला हो आणि नाही एवढंच सुचतं. आणि तुम्ही ओरडलात की तेही नाही."

आपल्या माणसाला झुकते माप देणे हा पक्षपात, हे मला प्रशिक्षणात शिकवले होते. आपला आहे म्हणून त्याला कमी माप देणे हाही पक्षपातच, हे कोणी शिकवले नव्हते. चार शिपायांचे हसणे टाळण्यासाठी मी एका माणसाची आयुष्यभराची नोकरी पणाला लावली होती.

त्यानंतर संशयिताला पहिला प्रश्न त्याच्या भाषेत विचारायचा, हा मी माझ्यापुरता नियम केला. पुढे एका ओडिया मजुरासाठी अर्धा दिवस दुभाषा शोधत हिंडलो. वरिष्ठ चिडले, म्हणाले, चोर आहे की पाहुणा? मी म्हणालो, सर, तेच तर विचारायचं आहे.