गयासभाईंच्या पोटात काहीच निघालं नाही

गुलमंडीच्या बाजारात लग्नाचं कापड घ्यायचं ते गयासभाईंच्या हातूनच, असा आमच्या गल्लीतल्या बायकांचा कायदा होता. भाई दुकानात नोकर, पण शालू असा उलगडत की पुन्हा घडी घालणं पाप वाटावं. दुकानाची रीतच होती : लग्नाच्या गिऱ्हाइकाला दुधाचा चहा पाजायचा आणि विकणाऱ्यानं सोबत प्यायचा. नाही घेतला, तर गिऱ्हाईक विचारणार, ‘आमच्यासोबत बसायला कमीपणा वाटतो का?’ लगीनसराईत भाई कापडापेक्षा चहाच जास्त खपवत, तोही स्वतःच्या पोटात.

आणि ते पोट! कधी मुरडा मारून पळवायचं, कधी चार-चार दिवस संपावर जायचं. बसचं नुसतं नाव काढलं तरी आत ढोल वाजायचे. म्हणून भाई कुठंच जात नसत आणि कारणही सांगत नसत. नातेवाईक म्हणायचे, घमेंडी माणूस.

मग मुलीचं, रईसाचं लग्न ठरलं. करमाडच्या कमरोद्दीन यांचा मुलगा, चिकलठाण्याला हॉल. भाईंनी जाहीर केलं, “काझीजवळ रईसाचे मामू बसतील. मी घरीच बरा.”

आम्ही गार! रईसा मात्र तडकली. “अब्बा, तुम्ही नसलात तर मी कबूल म्हणणार नाही. बसा मग वऱ्हाड सांभाळत!”

दुसऱ्याच दिवशी मी आणि भाईंच्या बायकोनं, जैतुनभाभींनी, त्यांना दवाखान्यात नेलं. रक्त झालं, दुर्बीण झाली. रिपोर्ट बघून डॉक्टर प्रमोदिनीबाई हसल्या. “सूज नाही, जखम नाही, गाठ नाही.”

भाईंचा चेहरा असा पडला, जणू घर लुटलं गेलं. “काहीच नाही? मॅडम, नीट बघा ना! मग इतकी वर्षं मी काय नाटक करत होतो?”

“नाटक नाही हो. दुखणं खरंच आहे. याला आयबीएस म्हणतात. आतडं दिसायला धडधाकट, पण स्वभावानं चिडकं. डोकं आणि आतडं सारखं एकमेकांशी बोलत असतात. तुमचं आतडं जरा जास्तच मनाला लावून घेतं.”

“म्हणजे माझी बायकोच पोटात जाऊन बसली म्हणा!”

“या अल्ला! मैं क्या इत्ती चिडकी हूं?” भाभी चिडून म्हणाल्या.

बाईंनी समजावलं. यातून कॅन्सर होत नाही. एका गोळीनं कायमचं जातही नाही, पण आवरता येतं. दुधाचा चहा कमी करून बघा, जेवण वेळेवर, इसबगोल भरपूर पाण्यातून, मुरड्यावर गोळी. “आणि लपवणं बंद करा. कुणाला कळेल या धास्तीनंच ते जास्त उसळतं. लग्नात दाराजवळ बसा.”

निकाहच्या दिवशी मुलीचा बाप चपलांच्या ढिगाशेजारी! करमाडकर हादरले. कुजबुज सुरू झाली, रुसला की काय?

काझीसाहेब घसा खाकरतात न खाकरतात तोच भाई उभे राहिले. “काझीसाब, माफी. मी रुसलेलो नाही. माझं आतडं चिडकं आहे. जाऊन येतो.”

पडद्याआड भाभींनी कपाळ धरलं. भर सभेत, व्याह्यांसमोर, आतडं!

तेवढ्यात पुढच्या रांगेतून टोपी सावरत कमरोद्दीन उठले. “ठहरो समदीसाब, मी बी येतो. करमाडपासनं दम धरून बसलोय. माझं बी लई दिवसांचं हेच हाय.”

काझीसाहेबांचं तोंड उघडंच राहिलं. दोघं व्याही परतले तेव्हा एकमेकांचा हात धरून, गोळ्यांची नावं विचारत होते.

भाई साक्षीदारांना घेऊन आत रईसाकडे गेले. ओढणीखालून तिनं आधी विचारलं, “पोट कसंय?”

“आत्ता गप्प आहे. तू बोल.”

“कबूल.”