कांदळावरची पिवळी लोकर

अर्नाळ्यामागच्या खाडीत माझी कांदळाची झाडं होती. माझी म्हणजे अभ्यासाची. कांदळाचं बी जमिनीत अंकुरत नाही. झाडावरच त्याला कोंब फुटतो, लांब हिरवी शेंग होऊन ते आईलाच लटकत राहतं आणि तयार झालं की खाली चिखलात पडून मूळ धरतं. काही शेंगा मात्र कोवळ्याच गळतात. त्या का गळतात, हा माझ्या प्रबंधाचा विषय.

शेंगा ओळखू याव्यात म्हणून खुणा हव्या होत्या. कागदी चिठ्ठ्यांचा भरतीत लगदा झाला, रंग धुऊन गेला. शेवटी सासूबाई टोपडं विणत होत्या, त्यातली उरलेली पिवळी लोकर उचलली. तेव्हा मला सहावा महिना होता. एवढं पोट घेऊन चिखलात उतरते म्हणून विरारच्या आमच्या बिल्डिंगमध्ये माझ्या अकलेचे वाभाडे निघत, पण मी कुणाचं ऐकणारी नव्हते. प्रत्येक शेंगेच्या देठाला एक सैल गाठ मारायची. चिंबोऱ्या धरायला आलेल्या कोळणी कमरेवर हात ठेवून बघत राहायच्या.

आठव्या महिन्यात बाळाची हालचाल थांबली. डॉक्टर म्हणाले, "असं होतं कधी कधी." माझ्या वर्गातल्या एखाद्या विद्यार्थ्यानं पेपरात एवढंच लिहिलं असतं तर मी भोपळा दिला असता.

मी दवाखान्यातून घरी आले तेव्हा पाळणा परत माळ्यावर गेला होता. टोपडं कुठे दिसलं नाही. कुणी काही विचारलं नाही. नवरा ऑफिसातून यायचा, आम्ही बातम्या बघायचो, जेवायचो. भाजीत मीठ नाही हे त्यानं सांगितल्यावर मला कळायचं. रडू येत नव्हतं. येईल म्हणून काही दिवस वाट पाहिली, मग तेही सोडून दिलं. घरात बसून करायचं काय, म्हणून पुन्हा अर्नाळ्याची एसटी पकडली.

ओहोटी होती. पहिल्याच झाडापाशी मी थबकले. माझी लोकर जागच्या जागी होती, पण तिच्या शेजारी लाल दोरे, साडीच्या काठाच्या चिंध्या, एक हिरवी बांगडीसुद्धा. शेंगा वाकल्या होत्या, मोजमापाचा पार बोजवारा उडाला होता. मला राग यायला हवा होता. आला नाही. मी एकेक चिंधी सोडवायला लागले.

"बाय, ती नको सोडू. माज्या सुनेची हाय."

मागे टोपली घेऊन एक म्हातारी कोळीण उभी होती.

"तू पोटुशी असून रोज यायचीस, गाठी मारायचीस. आमी म्हटलं, झाड नवसाचं हाय. मंग आमी पन बांधलं. कोनाला फांदी तोडू दिली नाय."

बाई, हा नवस नाही, या नुसत्या खुणा आहेत, असं सांगायला मी वळले. तिची नजर माझ्या पोटावर गेली. तिनं टोपली खाली ठेवली.

"गेलं?"

मी मान डोलावली.

"पोरगा व्हता का पोरगी?"

हे मला कुणीच विचारलं नव्हतं. घरात सगळ्यांना माहीत होतं आणि एवढ्या दिवसांत तो शब्द एकाच्याही तोंडून निघाला नव्हता.

"मुलगी," मी म्हणाले, आणि तिथेच चिखलात बसले. मी मोठमोठ्यानं रडले. म्हातारी शेजारी बसली. माझ्या पाठीवरचा तिचा हात ओला होता, त्याला मासळीचा वास येत होता. पाणी चढायला लागेपर्यंत आम्ही उठलो नाही.

माझी लोकर मी सोडवली नाही, त्यांच्या चिंध्याही नाहीत. माझ्या प्रबंधात ते झाड नाही.