बांगडीवाल्या चाचीची खबर

ती घटना आजही आठवते, आणि खोटं कशाला बोलू, छाती थोडी फुगतेच. वेल्हे भागात मी फौजदार होतो. भोरची एक मुसलमान चाची बांगड्यांची पाटी घेऊन वाड्यावाड्यांनी फिरायची. एक दिवस ती थेट ठाण्यात माझ्यासमोर येऊन बसली.

"साहेब, विंझरच्या पल्याड एका वाडीत सासू मला दर आठवड्याला बोलावून सुनंचे हात भरून घेती. येवढ्या बांगड्या पिचत्यात कशा? मनगाट लई सुजल्यालं आसतं."

तिने घर सांगितलं आणि मी चपापलो. तीच सून महिन्यापूर्वी नवरा मारतो म्हणून तक्रार घेऊन आली होती. मी अदखलपात्र नोंद केली, नवऱ्याला दम भरला आणि समजूत घालून तिला त्याच्याबरोबर परत धाडलं. प्रकरण मिटवलं म्हणून खूशही होतो.

लगेच वाडीवर गेलो. नवरा म्हणाला, "धांदरट हाय, गोठ्यात पडती." सुनेनेही मान खाली घालून तेच सांगितलं. सासू दारात उभी होती, मग ती दुसरं काय सांगणार? सुनेचे मोकळे हात शेजारणींना दिसू नयेत म्हणून चाचीला बोलावणं जायचं, हे मी ओळखलं. पण जबाबाशिवाय माझे हात बांधलेले होते.

तोड चाचीनेच काढली. "बांगड्या भरताना गडीमाणूस जवळ थांबत न्हाई. तुमची पोलीस बाई द्या संगं."

पुढच्या फेरीला, सासू गोठ्यात धारा काढायच्या वेळी, चाची देवळाच्या पारावरच बसली आणि तिने निरोप धाडला, "पाय दुखत्यात, सुनंला हितं धाडा." शेजारी आमची महिला शिपाई साडी नेसून गिऱ्हाईक बनून बसलेली. चाचीने हात हातात घेतला आणि सून रडायला लागली. "तिकडं परत धाडू नका, मरंन मी."

वैद्यकीय तपासणीत पाठीवरचे वळ निघाले. जबाब झाला, छळाचं कलम ४९८ अ लागलं, मायलेकांना अटक केली. चौकशीत नवरा गुर्मीत म्हणाला, "मारलं की. मागं तुमीच तर तिला घरी धाडली." ते मात्र आजही खुपतं.

त्यानंतर घरच्यांसमोर मी एकाही बाईला प्रश्न विचारला नाही, आणि समजूत घालून कुणाला परतही धाडलं नाही.

सून आंबवड्याला माहेरी राहिली, शिवणकाम करू लागली. माझ्या बदलीच्या वेळी चाची भेटायला आली आणि लटक्या रागाने म्हणाली, "साहेब, तुमी माझं गिऱ्हाईक बुडवलं. दिवाळीला तिचे हात भरले, शिमगा आला, एक बांगडी पिचली न्हाई."