ओटीतलं बी

सरुबाईला राग यायला कारण लागत नाही, असं जैनाबादचे लोक म्हणत. हे साफ खोटं. कारण प्रत्येक वेळी असे, आणि बहुतेक वेळा ते खरंही असे. उन्हाळ्यात तापीच्या वाळूत काकडीचे वेल लावले की त्यात ढोरं सोडणाऱ्यांचा राग. पावसाळ्यात गिलक्यांच्या टोपलीवर पाय ठेवून बसणाऱ्या नावाड्याचा राग. हिवाळ्यात पलीकडे बुऱ्हाणपूरच्या बाजारात एखाद्या बाईनं मेथीची जुडी नाकाशी नेऊन "खताचा वास येतो" म्हटलं, की सगळ्यात मोठा राग. "मंग काय अत्तराचा येईन?" सरुबाई विचारायची आणि जुडी हातातून काढून घ्यायची. विकायचीच नाही.

त्या खताबद्दल कोणी बोललेलं तिला खपत नसे. घरामागच्या खड्ड्यात शेण, राख, पालापाचोळा आणि शेजारच्या बागेतले केळीचे खांब वर्षभर कुजत. ते तयार झालं की नाही, हे फक्त सरुबाई ठरवायची. मूठभर हातात घ्यायची, चुरायची, गरम लागलं तर परत टाकायची. "कच्चं हाये. मातीले कच्चं खाऊ घालाल काय?" नवरा कौतिक टोपली घेऊन उभा असे, तो मुकाट्यानं टोपली उपडी ठेवून बसायचा. हा माणूस एवढा गरीब, की बैलालाही 'जरा सरकता का' म्हणेल. त्याची एकच गोष्ट मोठी होती, देण्याचा हात. त्याच्या आईनं शिकवलं होतं, मातीला देताना हात आखडता घ्यायचा नाही. झाडामागे ओंजळ म्हटलं की कौतिक दोन घालायचा.

आणि सगळ्यात जीव होता वांग्यावर. भरताचं वांगं, हिरवट पांढरं, तांब्याएवढं. त्याचं बी सासूनं सरुबाईच्या हाती दिलेलं. वाफ्याच्या टोकाची पाच झाडं बियासाठी राखलेली असत. त्यांचं फळ पिवळं पडेपर्यंत तोडायचं नाही. माघात-फाल्गुनात बी काढायचं, राखेत चोळून सुकवायचं. अर्धं मृगासाठी ठेवायचं आणि अर्धं आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, माहेरी आलेल्या लेकीच्या ओटीत घालायचं. परक्याला चिमूटही नाही. एकुलती लेक कोकिळा तुकईथडला दिलेली. पाच आखाज्या तिची ओटी अशी भरली होती.

ते साल राज्यांच्या पुनर्रचनेचं. दिवाळीच्या तोंडावर नवा मध्य प्रदेश झाला, नागपूरची राजधानी भोपाळला गेली. भोपाळ नेमकं कुठे आहे, हे गावात दोघांनाच माहीत होतं, आणि त्यांचंही एकमेकांशी पटत नव्हतं. पण कागद मात्र तिकडून भराभर येऊ लागले. अशाच एका कागदापाठोपाठ श्रीकांत नावाचा ग्रामसेवक सायकल ढकलत सरुबाईच्या वाफ्यापर्यंत आला. बुऱ्हाणपुरातल्या मास्तरांचा मुलगा, शर्ट इस्त्रीचा, बोलणं अर्धं हिंदी. कॅरियरवर पांढऱ्या खताची पिशवी.

"ऐसा है मावशी, हे सरकारी खत आहे. फुकट आहे. एका वाफ्यात घालून बघायचं, बस."

"माह्या वाफ्यात मीठ नाही पडनार," सरुबाई म्हणाली आणि पाठ फिरवून खुरपायला बसली.

कौतिकला मात्र दारी आलेल्या सरकारी माणसाला नाही म्हणवेना. त्यानं पिशवी ठेवून घेतली. श्रीकांतनं त्याला बांधावर उभ्या उभ्या दोन मिनिटांत सांगितलं, झाडामागे चमचाभर, बुंध्यापासून वीतभर लांब, वर लगेच पाणी. आणि तो सायकलवर बसून गेला. पुढच्या गावी त्याला आणखी चार पिशव्या वाटायच्या होत्या.

आता जो माणूस जन्मभर टोपलीनं खत घालत आला, त्याला चमचा काय कळणार? त्याच्या घरात चमचा नव्हताच. माघात सरुबाई बाजाराला गेली, तेव्हा कौतिकनं पिशवी उघडली. हातात घेतली तर हलकी, कोरडी, साखरेसारखी. एवढ्यानं काय होतं, असं त्याला वाटलं असणार. शेणखत घालायचं तसं त्यानं ते घातलं. बुंध्याशी, दोन-दोन ओंजळी, कोरडंच. मोटेची पाळी दुसऱ्या दिवशी होती. आणि घातलं कुठे? बियाच्या पाच झाडांना. तिच्या आवडत्या झाडांना पहिला मान.

तिसऱ्या दिवशी सरुबाई वाफ्यात गेली तर पाचही झाडांची पानं कडेनं करपून खाली लोंबत होती. फळं अजून हिरवी, आणि हात लावला की गळून पडत होती. तिनं बुंध्याची माती बोटावर घेऊन जिभेला लावली आणि थुंकली.

"कोनं केलं?"

कौतिक बांधावरच बसला. "तुही कंबर गेली वं टोपल्या वाहून वाहून," तो म्हणाला. "म्हटलं, यानं झालं तर तुले एवढा भार नको."

करायला गेला गणपती आणि झाला मारुती, असं म्हणून दुसरी बाई एखादवेळी हसलीही असती. सरुबाईच्या तळपायाची आग मस्तकात गेली. ती त्याला काय काय बोलली ते लिहिण्यात अर्थ नाही. पण तिचा खरा संताप याचाच होता, की त्यानं हे प्रेमानं केलं होतं. दुष्टपणानं केलं असतं तर तिला मनासारखं भांडता आलं असतं. बाकीची वांगी कोवळीच बाजारात जाऊन झाडं उपटूनही झाली होती; मृगाला पेरायला घरात आता एक दाणा नव्हता.

आठवड्यानं श्रीकांत आला. झाडं बघून त्याचा चेहरा उतरला. पण फॉर्म भरायचा होता, कारण वरून फॉर्म आला होता. त्यानं कारणाच्या रकान्यात काहीतरी लिहिलं आणि शाईची डबी पुढे केली.

"काय लिहिलं?"

"जुनं, देशी बियाणं, कमजोर. असंच लिहावं लागतं मावशी. खत खराब लिहिलं तर माझी नोकरी जाईल."

चोर सोडून संन्याशाला फाशी म्हणतात ती हीच. सरुबाईनं शाईची डबी उचलून पाटात ओतली.

"लिही, कौतिकचा हात चुकला. लिही, श्रीकांतनं दोन मिनिटं सांगितलं आन् पळून गेला. लिही, सरुबाई घरी नव्हती. माह्या सासूच्या बियाले कमजोर म्हनशील तर अंगठा नाही भेटनार. भोपाळले जाऊन सांग."

श्रीकांत कागद घडी करून निघून गेला. त्यानं पुढे काय लिहिलं कोणास ठाऊक. राग निघाला, पण बी आलं नाही.

कौतिक भीत भीत म्हणाला, "कोकिळेजवळ असंन ना."

"लेकीच्या ओटीतलं परत मागतेत? लाज वाटते काय?"

तो टोपली उचलून खड्ड्याकडे निघून गेला. सरुबाई मात्र चार दिवस घरात भांडी आदळत राहिली आणि पाचव्या दिवशी लुगडं बदलून निघाली. खकनारपर्यंत मोटार, पुढे पायी. वाटभर ती मनात बोलणं जुळवत होती. मागणं कसं मागायचं, हे तिला आयुष्यात कधी आलं नव्हतं.

तुकईथडला कोकिळेची सासू गोदाबाई अंगणात कापूस निवडत बसली होती. "या इहीणबाई," तिनं जागेवरूनच म्हटलं. कोकिळेनं पाणी आणलं. सरुबाईनं पाणी प्यायच्या आधीच विचारलं, "वांगे कसे आले औंदा?"

 कोकिळेनं आत जाऊन एक गाडगं आणलं. त्यात पाच पुरचुंड्या होत्या. सरुबाईच्याच लुगड्याच्या चिंध्या, सरुबाईच्याच हातच्या गाठी. एकही गाठ सुटलेली नव्हती.

"हे काय वं?"

"बी."

"पेरलं काहून नाही?" सरुबाईचा आवाज चढला. "पाच सालं! माह्या सासूचं बी तू गाडग्यात कोंडून ठेवलं?"

"कुठं पेरू?" कोकिळा म्हणाली. "वावरात यांचा कापूस आन् केळी. घरामागं पऱ्हाट्या. पाच सालं ओटी भरली माय तू. एकदा तरी विचारलं, का पोरी, तुले हातभर जागा हाये का?"

 सगळ्यांना जाब विचारणारी ही बाई, पण हा एक प्रश्न तिला सुचला नव्हता. लेक आखाजीला यायची, झोक्यावर बसायची, ओटी घेऊन परत जायची. सरुबाईला स्वतःचाच इतका राग आला, की तो काढायला जागा सापडेना. मग ती उठली, घरामागे गेली आणि कापसाच्या वाळक्या पऱ्हाट्यांचा ढीग उपसायला लागली.

"अवं इहीणबाई! माहं जळतन हाये ते!" गोदाबाई धावत आली. "ह्या घरच्या गोष्टीत तुम्ही पडू नका!"

सरुबाईनं तोंड उघडलं, पण कोकिळा मध्ये आली. तिनं आईच्या हातातल्या पऱ्हाट्या काढून घेतल्या.

"माय, तू सरक. हे माहं काम हाये."

"मंग ठेवू कुठं मी हे?" गोदाबाई ओरडली.

"माह्या डोक्यावर ठेवा. चुलीजवळ मीच वाहून आनीन," कोकिळा म्हणाली. "पन मोरीच्या पान्यापासून त्या भिंतीपर्यंतची जागा आता माही."

गोदाबाई बराच वेळ बडबडत राहिली. कोकिळा थांबली नाही. सूर्य कलेपर्यंत चार हात जमीन मोकळी झाली. कडक, पांढुरकी, वर्षानुवर्षं उन्हाचं तोंड न पाहिलेली. सरुबाईनं मूठभर माती घेऊन चुरली. "खत लागंन," एवढंच म्हणाली.

निघताना "घरचं बी जळलं औंदा," असं पुटपुटत तिनं गाडग्याकडे हात पुढे केला. मागायचे शब्द आलेच नाहीत. कोकिळेनं त्या हाताकडे पाहिलं आणि गाडगं पोटाशी धरलं.

"बी नाही देनार माय. बी माहं हाये," ती म्हणाली. "पाऊस पडला का ये. रोपं देईन."